मलाही नादार म्हणा

“मुँह पर से पल्लू हटा. सबको दिखने दे.”

वसुलीवाला पोरगा माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. शेठच्या दुकानात, पांढऱ्या गादीसमोर, भर गिऱ्हाइकात उभा राहून बोलत होता. मी मागच्या टेबलावर साड्यांना घडी घालून पिशवीत भरत होते. तो जिना चढताना दिसला तेव्हा मीच पदर तोंडावर ओढला होता. त्यानं तरी ओळखलं.

मी पदर काढला. त्यानं मोबाइल वर धरला, फोटो काढला. नीट आला नाही म्हणून परत काढला.

“शेठ, ये आपके यहाँ काम करती है? किश्त खा के बैठी है. चोर है.”

शेठ लोडावरून हललेही नाहीत. म्हणाले, “लिया है तो देना पड़ता है, बेन. जो दे नहीं सकता, उसको लेने का हक नहीं.” मग म्हणाले, “भाई धूप में आया है. पानी पिला.”

मी पाणी दिलं. मला चोर म्हणणाऱ्याला. त्यानं पिऊन ग्लास माझ्याच हातात दिला. गिऱ्हाइकं परत साड्या बघायला लागली.

अपमान तर होताच. पण पोटात आग पडली ती वेगळ्याच गोष्टीनं. मला देण्याघेण्याची अक्कल शिकवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं दिवाळं निघालं होतं. आणि त्यात माझे पैसे बुडाले होते.

आम्ही शिरपूरकडचे. लग्न होऊन सुरतेत, लिंबायतला आले. नवरा लूम चालवायचा. शेठची तेव्हा मोठी कंपनी. त्यांच्या साड्यांचे गठ्ठे माझ्या घरी यायचे. मी ते गल्लीतल्या बायांना वाटायची. बाया खडे चिकटवायच्या, टिकल्या लावायच्या. माल मी पोचवायची, मजुरी मी आणायची. बायांनी शेठला कधी पाहिलंही नव्हतं. त्यांच्यासाठी शेठ म्हणजे मीच.

एका दिवाळीआधी शेठनी पैसे थांबवले. “अगले महीने.” मग परत अगले महीने. आणि एक दिवस दुकानाला कुलूप. सुरतेत याला उठमणं म्हणतात. व्यापारी उठला, गेला. मागे राहिलेल्यांनी बोंबलत बसायचं.

बाया माझ्या दारात आल्या. समोरची मंगला सगळ्यात पुढे. “तुना सबदवर काम कयं आम्हीन,” ती म्हणाली. खोटं नव्हतं. माझ्या शब्दावरच केलं होतं.

मी कर्ज काढलं. बायकांच्या गटाला कर्ज देणारी कंपनी गल्लीत यायचीच. त्या पैशातून सगळ्यांची मजुरी चुकती केली. तेवढ्यात नवऱ्याचा कारखाना कधी चालू, कधी बंद असं सुरू झालं. हप्त्यासाठी दुसरं कर्ज. त्याच्या हप्त्यासाठी तिसरं. कानातलं गेलं. शिलाई मशीन गेलं. घरात विकण्यासारखं काही राहिलं नाही, तरी हप्ता राहिलाच.

वर्षभरानं शेठ परत आले. त्याच मार्केटमध्ये. नवी पाटी, बायकोच्या नावाची पेढी. मी धावत गेले.

“वो कंपनी तो खतम हो गई, बेन. कोर्ट ने खतम की. अब उसमें किसी का लेना-देना नहीं.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, “काम चाहिए तो पैकिंग में लग जा.”

लागले. करते काय?

तिथं रोज त्यांना बघायची. आणि जळायची. खोटं कशाला बोलू, मी जळायची. त्यांच्या गाडीवर नाही, शेठाणीच्या बांगड्यांवरही नाही. मी त्यांच्या दिवाळ्यावर जळायची. ज्या व्यापाऱ्यांचे पैसे त्यांनी बुडवले तेच येऊन शेजारी बसायचे, चहा प्यायचे, “अब तो टेन्शन-फ्री?” विचारायचे. शेठ हसायचे. जेवून गादीवर आडवे व्हायचे आणि घोरायचे. ते घोरणं मला सहन व्हायचं नाही. मला कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. एकच मार्केट, एकच कर्ज नावाचा रोग. त्यांना औषध मिळालं. मला फोटो.

तो फोटो संध्याकाळपर्यंत गटातल्या सगळ्या बायांच्या मोबाइलवर होता. मंगलानं दार लावून घेतलं. माझा हप्ता चुकला की तो गटावर पडायचा. ती तरी काय करणार?

थोड्या दिवसांनी शेठचे वकील दुकानात आले. त्यांची कंपनी कोर्टातून मोकळी करणारे हेच. मुलीच्या लग्नाच्या साड्या बघायला आले होते. मी एकेक साडी उलगडून दाखवत होते. अचानक तोंडातून निघून गेलं, “साहेब, मला पण शेठसारखं करून द्या ना.”

“क्या?”

“दिवाळं. कायद्यानं.”

दुकान हसलं. शेठ सगळ्यात मोठ्यानं. “दिवाला निकालने के लिए पहले पेढी चाहिए, बेन! तेरे पास क्या है? दो पतीले?”

वकीलसाहेबही हसले. साडी बाजूला सारत म्हणाले, “वैसे कायदा है. पुराना है. लेकिन इन लोगों के लिए कौन खड़ा रहेगा?”

इन लोगों. ते शब्द रुतले. पण त्याच्या आधीचे दोन शब्द मी धरून ठेवले. कायदा है.

सुट्टी टाकली आणि कोर्टात गेले. फुकट वकील देणारं कार्यालय विचारत विचारत शोधलं. बाईमाणसाला तिथं पैसे पडत नाहीत. एक तरुण वकीलबाई होत्या, गुजराती. मला खुर्ची दिली. खुर्चीनंच रडू आलं.

त्यांनी तोडक्या मराठीत, मग हिंदीत समजावलं. कंपनीशी तडजोड करता येते, लोक अदालतीत. कमी रकमेवर मिटू शकतं, पण ती रक्कम तरी भरावी लागेल. भरूच शकत नाही अशा माणसासाठी जिल्हा कोर्टात नादारीचा अर्ज असतो. कोर्टानं नादार ठरवलं की असेल नसेल ते ताब्यात घेतात, घेणेकऱ्यांत वाटतात. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कामाची हत्यारं सोडतात. नंतर कोर्टाला पटलं तर उरलेल्या कर्जातून सुटका. वेळ लागेल. पुढे कोणी कर्ज देणार नाही.

“और एक नया कायदा भी है,” बाई म्हणाल्या. “कम कमाई, कुछ संपत्ति नहीं, छोटा कर्ज, उनके लिए. नई शुरुआत.”

“मग तोच करा ना, ताई.”

“लिखा हुआ है. चालू नहीं किया.”

“शेठचं कोणत्या कायद्यात झालं?”

त्या म्हणाल्या, “उसी में. कंपनी वाला हिस्सा चालू है.”

कानशिलं तापली. एकाच कायद्यात दोघांची सोय लिहिलेली. त्याची चालू, माझी बंद. आजवर मला वाटायचं, शेठचं नशीब चांगलं, माझं फुटकं. त्या खुर्चीवर कळलं, नशिबाचा काही संबंध नाही. कोणीतरी ठरवलं होतं कोणाची सोय आधी लावायची.

“जुन्या कायद्यात करा,” मी म्हणाले. “आजच.”

अर्ज भरताना बाईंनी विचारलं, माझं कोणाकडे येणं आहे का. मी शेठच्या बुडालेल्या कंपनीचं नाव सांगितलं. “नहीं मिलेगा,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे. तरी लिहा.”

वसुलीवाला परत दुकानात आला. या वेळी शेठना दया आली. सगळ्यांसमोर म्हणाले, “इसका मैं भर देता हूँ. पगार से काटता रहूँगा. कहाँ जाएगी?”

दुकानातले कौतुकानं बघायला लागले. पूर्वीची मी असते तर पाया पडले असते. कहाँ जाएगी. म्हणजे मरेपर्यंत याच टेबलाशी. ज्यानं बुडवलं त्याच्याकडेच.

“नको शेठ,” मी मराठीतच बोलले. “मला तुमची दया नको. तुम्हाला मिळाला तसा कायदा पाहिजे. मी नादारीचा अर्ज केलाय.” आणि त्या पोराला म्हणाले, “आता जे बोलायचं ते कोर्टात बोल. फोटो काढलास त्याची तक्रार पण केली आहे.”

पोरगा शेठकडे बघायला लागला. शेठचा चेहरा लाल. “नमकहराम,” म्हणाले. “निकल.”

निघाले. नोकरी गेली होती.

आता सुरतेतच डिंडोलीत एका दुकानात साडीला फॉल लावते. पैसे कमी मिळतात. गल्लीत काहीजण मला दिवाळखोरीण म्हणतात. मागल्या तारखेला कर्जकंपनीच्या वकिलानं भर कोर्टात विचारलं, “नादार कहलाओगी? शर्म नहीं आएगी? बच्चों की शादी कैसे करोगी?”

“शेठच्या पोरीचं लग्न त्यांचं दिवाळं निघाल्यावरच झालं,” मी म्हणाले. “मी जेवायला होते तिथं. हत्तीवरून वरात आली होती.”

कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. पुढची तारीख दिली.

परवा मंगला आली. दारातच उभी. तिचेही हप्ते थकलेत. “मले बी लई चाल कोर्टात,” एवढंच म्हणाली. मी तिला आत घेतलं. गटातल्या आणखी बायांना विचारणार आहे. एकटीला हसता येतं. दहा जणी रांगेत बसल्या की हसणाऱ्यांना विचार करावा लागेल.

माझा निकाल काय लागेल, माहीत नाही. विरुद्ध लागला तर वरच्या कोर्टात जाईन. हेवा अजून आहे. शेठ आठवले की आजही जळते, आणि हे जळणं मी विझू देणार नाही. त्यांना जे हक्कानं मिळालं ते मी भीक म्हणून घेणार नाही. घेईन ते हक्कानंच. तोंडावर पदर न घेता.