रोगाचं कारण: दारू

गोंदियात दवाखाना टाकून चार वर्षं झाली होती आणि आपल्याला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. एक दिवस जंगलपट्ट्यातल्या दरेकसा गावचा एक जंगल मजूर धापा टाकत आला. वय पस्तिशीचं, पाय सुजलेले. इको काढला तर हृदय फुगून ढिलं पडलेलं. हृदयाच्या स्नायूचा आजार, एवढं नक्की होतं. तो कशामुळे, हे शोधायचं होतं. मी शोधलं नाही. दरेकसा म्हटलं की माझ्या डोक्यात आधी मोहाची दारूच यायची.

"मी पेत नाही जी," तो म्हणाला. "माहा बाप बी असाच दम लागून गेला."

"म्हणजे तोही पीत असेल," म्हणत मी कागदावर लिहूनही टाकलं: दारूमुळे. वर त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, हा लपवतोय, लक्ष ठेवा. गोळ्या दिल्या, तरी दीड वर्षात तो गेला. सोडली नसेल, असं म्हणून मी मोकळा झालो.

पुढे नागपूरला एका व्याख्यानाला गेलो. या आजारांची नवी वर्गवारी समजावताना वक्त्यानं सुरुवातीलाच दोन भाग पाडले: घराण्यातून आलेला आणि न आलेला. घराण्यातला असेल तर भावंडंही तपासा, म्हणाला. मला दरेकशाचा तो मजूर आठवला. त्या माणसानं न विचारता बापाचं सांगितलं होतं आणि मीच त्याला गप्प केलं होतं. लाज वाटली, अजून वाटते.

रविवारी पॅसेंजरनं दरेकसा गाठलं. त्याचा धाकटा भाऊ अंगणात भेटला. तपासायचं म्हणताच हसला.

"मी तं थेंब घेत नाही. मले कायले तपासता?"

चढावर दम लागून थांबावं लागतं का, असं विचारल्यावर त्याचं हसू गेलं. दुसऱ्या दिवशी तो गोंदियाला आला. तसंच हृदय, फक्त अजून भावाइतकं फुगलेलं नव्हतं. मी त्याला सांगितलं, हे बापाकडून आलंय, दारूचा संबंध नाही. वेळेत सापडलंय, गोळ्या घेतल्यास तर बरीच वर्षं काढशील.

स्वतःबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही.

"मंग दादा खरं बोलत होता?"

"हो."

"आमी रोज त्याचं तोंड हुंगून पाहत होतो, साहेब," तो म्हणाला. "मेला त्या दिवशी बी हुंगलं."