सगळ्यांसमोर

रफिकभाई गेल्याचं मला शिफ्टच्या बसमध्ये कळलं. पुंडलिकनगरहून वाळूजला निघालो होतो. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून म्हणाला, "आपले जुने फोरमन गेले." मी खिडकीकडे तोंड केलं... त्याला आता दीड महिना झाला.

कारखान्यात मी त्यांच्या हाताखाली घडलो. शिफ्ट सुरू होताना मशीनजवळ पाच मिनिटं सगळे गोल उभे राहायचे आणि रफिकभाई आधी स्वतःची कालची चूक सांगायचे. "काल ड्रिल बदलायला मी उशीर केला. तुमचा अर्धा तास गेला." मगच कामाचं बोलणं. साहेबाने स्वतःला असं उघडं पाडलं तर माणसं डोक्यावर बसतील, अशी माझी पक्की समजूत होती. शिवाय मी डिप्लोमावाला, त्यामुळे अक्कल जरा जास्तच. माणसं सांभाळायला आवाज लागतो असं मला वाटे. त्यांना तो कधी चढवावा लागला नाही.

त्यांच्या हाताखालची एक लाइन माझ्याकडे आली तेव्हा गोल उभं राहणं मी ठेवलं, पण स्वतःची चूक सांगणं पहिल्याच दिवशी बंद केलं. महिनाभरात एका पाळीचा सगळा माल रिजेक्ट झाला. मशीनवर गंगापूरचा अंकुश होता. सगळे गोल उभे असताना मी त्याला फाडून खाल्लं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. दुपारी रफिकभाईंनी सेटिंगचा कागद माझ्यापुढे ठेवला. माप चुकीचं लिहिलेलं होतं आणि अक्षर माझं होतं.

"बोललास सगळ्यांसमोर," ते म्हणाले, "माफीबी तिथंच मागायची."

माझ्याने ते झालं नाही. कॅन्टीनमध्ये अंकुशला बाजूला घेऊन काहीतरी पुटपुटलो. "जाऊ द्या साहेब," तो म्हणाला. संध्याकाळी रफिकभाईंनी विचारलं, "मागितली? सगळ्यांसमोर?" मी हो म्हणालो. "बरं," एवढंच ते म्हणाले.

पुढे ते निवृत्त झाले, पण तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आजारपणात भेटायला गेलो ते खरं सांगायचं ठरवूनच. त्यांनी लाइनवरच्या एकेकाची नाव घेऊन चौकशी केली. अंकुशचं नाव आलं तसा मी पाण्याचा ग्लास उचलला... आणि तसाच घरी परतलो. त्याची मला आजही लाज वाटते.

दफनविधीच्या दुसऱ्या दिवशी शिफ्टला सगळे म्हणाले, रफिकभाईंबद्दल दोन शब्द बोला. मी तयारी करून आलो होतो. समोर अंकुश दिसला आणि ती कुठल्या कुठे गेली. तो कागद मीच चुकीचा लिहिला होता, अंकुशचा काही दोष नव्हता आणि रफिकभाईंशी मी खोटं बोललो, एवढंच सांगितलं. मग मशिनी सुरू झाल्या.

थोड्या वेळाने अंकुश जवळ आला.

"तवा मी राजीनामा लिहून रफिकभाईंकडं गेलतो, साहेब. त्यांनी तो ठेवून घेतला. म्हणले, तुमचा साहेब चुकलाय, पण माणूस वाईट नाय. आज ना उद्या सगळ्यांसमोर बोलंल. तवर थांब."

"आणि तू थांबलास?"

"व्हय. पण त्यांनी ऐकायला पायजे होतं."