चेअरमनचा प्रिंटर आणि करंजाचं तेल

बालाजीनं बैलाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर स्कॅनर धरला. लाल रेघ पडली, पण आवाज आला नाही. पुन्हा धरला, तरी नाही. समोर चांगला जिवंत खिलार बैल शेपटीनं माश्या हाकत उभा होता. छावणीचा हा क्लार्क मोबाइलकडं बघून मला म्हणाला, "सर, सिस्टीमला बैल दिसत न्हाई."

"तुला दिसतोय ना?"

"मला दिसून काय उपयोग हाय? चारा सिस्टीमवर मिळतो."

मी बीडचा जोगदंड. लेबल प्रिंटर विकणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. औषधाच्या खोक्यावर, गोदामातल्या पोत्यावर बारकोडची जी चिकटपट्टी असते, ती छापणारं हे मशीन. केज तालुक्यातल्या एका सोसायटीनं त्या दुष्काळात चारा छावणी काढली होती. सोसायटीचं नाव सांगत नाही, सांगायच्या लायकीचं नाही. छावणीत प्रत्येक जनावराला एक नंबर होता. त्या नंबराचं लेबल प्लॅस्टिकच्या बिल्ल्यावर चिकटवायचं, बिल्ला गळ्यात बांधायचा आणि रोज सकाळी स्कॅन करायचं. जितकी जनावरं स्कॅन होतील, तितक्यांचाच चारा. लागोपाठ तीन दिवस स्कॅन झालं नाही, तर जनावराचं नाव छावणीतून कमी.

हा खिलार आणि त्याचा जोडीदार, दोन्ही गयाबाईचे. धारूरच्या डोंगराकडची पन्नाशीची बाई. नवरा-बायको दरवर्षी बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जायचे. बैलगाडीवाल्या तोडकऱ्याचे बैल गेले की सीझन गेला. त्या दिवशी तिच्या बैलांचं स्कॅन न होण्याचा तिसरा दिवस होता. दोन दिवस तिनं शेजारच्या दावणीतलं उष्टं गोळा करून बैलांपुढं टाकलं होतं. बैलांच्या फासळ्या मोजता येत होत्या.

आता हे झालं कसं, ते सांगतो.

दोन महिन्यांपूर्वी सोसायटीच्या चेअरमननी मला बोलावलं होतं. मी दोन मशीन दाखवली. एक डायरेक्ट थर्मल. यात शाई नसते, रिबन नसते. कागदालाच मसाला लावलेला असतो, मशीन तो तापवतं आणि अक्षर उमटतं. एसटीच्या मशीनमधलं तिकीट असतं, तसं. दुसरं थर्मल ट्रान्स्फर. यात रिबन असते आणि रिबनवरचा रंग उष्णतेनं लेबलवर बसतो. प्लॅस्टिकचं लेबल आणि रेझिनची रिबन घेतली, तर ऊन, पाणी, शेण, काहीही लागो, अक्षर हलत नाही. मी चेअरमनसमोर दोन्ही लेबलांवर नखानं रेघ ओढली. पहिल्यावर काळा ओरखडा उठला. दुसऱ्यावर काही नाही.

"जनावराच्या गळ्यात राहायचं असेल तर हे घ्या," मी म्हणालो.

चेअरमन खुर्चीत मागं रेलले. "जोगदंड, ज्याला शाई लागत न्हाई ते मशीन पुढारलेलं, का ज्याला लागती ते?"

"तसं नसतं साहेब. लेबल कुठं राहणार, त्यावर ठरतं."

"तुमी रिबन इकायला बसलाव. मला मशीन घ्यायचंय."

बाजूला बसलेले संचालक हसले. चेअरमन हसले की हसायचं, एवढंच काम ते मन लावून करत. पुढं चेअरमननी साडूच्या ओळखीनं कुठून तरी डायरेक्ट थर्मलच मागवलं. एका मिनिटात किती लेबलं निघतात, ते ज्याला-त्याला घड्याळ लावून दाखवलं. जशी काही जनावरं लेबलांसाठी रांग लावून उभी होती! मशीनला हार घातला, फोटो काढला. मी तेव्हा भांडायला हवं होतं. पण ऑर्डर गेली म्हणून मी फुगून बसलो. भोगा आपल्या कर्माची फळं, असं मनात म्हणालो. फळं भोगायला भलतेच पुढं आले, आणि याची मला आजही लाज वाटते.

उन्हाळा चढला तसा जनावरांना गोचीड झाला. आपल्याकडं गोचिडावर करंजाचं तेल लावतात. मानेला, कानामागं, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीला, हातानं खसाखसा चोळून. गयाबाईनंही चोळलं. तेल लागलं की डायरेक्ट थर्मलचं अक्षर उडतं. तिच्या दोन्ही बिल्ल्यांवरची लेबलं चार दिवसांत कोरी झाली. मग दुसऱ्यांची, मग तिसऱ्यांची. मी नांदूरघाटला एका वजनकाट्याचं काम करत होतो, तिथं बालाजीचा फोन आला. "सर, स्कॅनर बिघडलाय." स्कॅनर ठणठणीत होता.

मी चेअरमनना कोरं लेबल दाखवलं. "तेलानं उडलंय. सगळी लेबलं परत छापावी लागतील. माझ्या गाडीत दुसरं मशीन आहे. रजिस्टरमध्ये नावापुढं नंबर आहेत, संध्याकाळपर्यंत होईल."

"म्हंजी आमचं मशीन चुकीचं, असं लिहून द्यायचं का?"

"लिहून नका देऊ. छापू द्या फक्त."

"मशीनचा काय दोष हाय? लोकांनी तेल काहून लावलं? सूचना लावलीय ना आमी!"

सूचना खरंच लावली होती. 'जनावरांच्या मानेस तेल लावू नये. आदेशावरून.' त्याच मशीनवर छापून छावणीच्या पत्र्याच्या फाटकावर चिकटवली होती. मी बघायला गेलो. पत्रा उन्हानं तव्यासारखा तापला होता आणि सूचना वरपासून खालपर्यंत काळी ठिक्कर पडली होती. एक अक्षर वाचता येत नव्हतं. तेलानं अक्षर उडतं आणि तापल्यावर सगळा कागद काळा होतो. असं हे पुढारलेलं मशीन.

परत आलो तर चेअरमन बालाजीला सांगत होते, "तिसरा दिवस हाय. नियमानं नाव कमी कर. परवा तपासणीला सायेब येणार हायत, घोळ नको."

गयाबाई बैलाचा कासरा धरून उभी होती.

"सायेब, नाव कमी करा," ती म्हणाली. "पर नियम समद्यांला सारखाच ना?"

"समद्यांला."

"मग त्या तिकडल्या कडंची म्हैस बी भायेर काढा. तिचा बी बिल्ला कोराच हाय. मी रोज बघतीय, तिच्या म्होरं पेंड्या पडत्यात."

सगळ्यांनी तिकडं बघितलं. चांगल्या दाट सावलीत एक काळीभोर, तकतकीत म्हैस रवंथ करत बसली होती. चेअरमनचीच. तिच्याही मानेला करंजाचं तेल चोपडलेलं होतं. बालाजी गेला, स्कॅनर धरला आणि मान खाली घालून परत आला.

"काय झालं बे?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"सिस्टीमला म्हैस दिसत न्हाई."

दुष्काळात इतकं मोठं हसू मी ऐकलं नव्हतं. संचालकही हसले, आणि चेअरमन हसले नसताना आपण हसलो, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. चेअरमननी घसा साफ केला. "जोगदंड, तुमचं ते रिबनवालं मशीन लावून बघा बरं. ट्रायल म्हणून."

ट्रायल म्हणून मी सगळ्या छावणीची लेबलं छापली. बालाजी रजिस्टर वाचत होता, मी नंबर घालत होतो. पहिली दोन गयाबाईची काढली. तिनं लेबल हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. मग कमरेची पिशवी सोडून तेलाची बाटली काढली, दोन थेंब लेबलवर टाकले आणि बैलाच्या मानेला चोळावं तसं अंगठ्यानं खसाखसा चोळलं. अक्षर तसंच राहिलं.

"आता बांधा," ती म्हणाली.

स्कॅनर वाजला. दोन्ही बैलांपुढं पेंड्या पडल्या. गयाबाई तिथंच दावणीशी बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मी बालाजीला उगाच रजिस्टरातलं काहीतरी विचारत राहिलो.

पुढं सोसायटीनं थर्मल ट्रान्स्फर घेतलं. ठरावात लिहिलं की अध्यक्षांच्या दूरदृष्टीमुळे नवीन मशीन खरेदी करण्यात आले. हार घातला, फोटो काढला. फोटोत मी नाही, गयाबाई नाही. म्हैसही नाही, पण तिच्यामुळंच हे घडलं.

अजूनही गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, मिनिटाला किती लेबलं निघतात? मी उत्तर देत नाही. लेबल कुठं राहणार, त्याला काय काय लागणार, ते आधी विचारतो. शेवटी बॅगेतून करंजाच्या तेलाची बाटली काढतो आणि लेबल त्यांच्याच हातानं चोळायला लावतो. कॅटलॉग मी आता जवळ ठेवत नाही.