रविवारची लाइन आणि उजेडाचा वेग

किस्से जमवायला कोणी जात नाही, ते आपोआप साचतात. त्यासाठी एक दार नीट लागायला नको, एवढंच. रायपूरला देवांगनच्या पीसीओसमोर मी चार वर्षं दर रविवारी सकाळी लायनीत उभा राहिलो, आणि त्या केबिनचं दार कधीच पूर्ण लागलं नाही. कोणाच्या बायकोचं जावेशी पटत नाही, कोणाच्या पोट्ट्याला गणितात किती पडले, सगळं सगळ्यांना ठाऊक. एकमेकांच्या घरी मात्र कोणी कधी गेलं नाही. कारण घरं तिथे नव्हतीच.

छत्तीसगढ हे नवीन राज्य झालं तेव्हा भोपाळहून ट्रक भरभरून फायली आल्या आणि यादीत नाव निघालेले आम्ही त्यांच्या मागोमाग आलो. मी बोरकर. शिक्षणाने फिजिक्सचा एम.एस्सी., नोकरीने सरकारी बाबू. बायको सुनंदा भोपाळला शाळेत शिकवायची, म्हणून ती आणि नऊ वर्षांची मुक्ता तिथेच राहिल्या. मी रायपूरला, तेलीबांधा भागात एका खोलीत.

लायनीत माझ्या पुढेमागे दोघं ठरलेली. एक आमच्याच ऑफिसातले वानखडे काका, मूळ अमरावतीकडचे, विधुर, रिटायरमेंटला आलेले. ते पुण्याला नातीशी बोलायचे. दुसऱ्या खोब्रागडे मॅडम, स्टेनो. त्यांची आई नागपूरला एकटी.

* * *

मुक्ताशी माझं बोलणं दीड मिनिटात संपायचं. जेवलीस का, हो. अभ्यास झाला का, हो. मग ती विचारायची, "आईला देऊ?" या प्रश्नाची मला भीती वाटायची.

एका रविवारी तो प्रश्न यायच्या आधीच ती म्हणाली, "बाबा, टीचर म्हणाली उजेडापेक्षा जोरात कोणीच जाऊ शकत नाही. काहून?"

मी केबिनमध्ये ताठ उभा राहिलो. चौदा वर्षांच्या नोकरीत मला कोणी फिजिक्समधलं काही विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं, उत्तर मोठं आहे, दर रविवारी थोडं थोडं सांगीन.

खरं म्हणजे तासाभरात सांगून झालं असतं. पण मी तो तास वर्षभर पुरवायचं ठरवलं.

* * *

पहिला धडा रेल्वेचा. चालत्या गाडीत शेंगदाणा सरळ वर उडवला तर तो परत हातातच पडतो. खिडक्या बंद असल्या, धक्के बसत नसले, तर गाडी उभी आहे की चालली आहे हे आतल्याला कळणारच नाही. इथपर्यंत तिला पटलं. मग मी म्हणालो, मागच्या खेपेला मी निघालो तेव्हा तू प्लॅटफॉर्मवर होतीस. तुला वाटलं बाबा चालला. मला खिडकीतून वाटलं, मी इथेच आहे आणि मुक्ताच मागे मागे चालली. दोघांचंही बरोबर.

मग ती म्हणाली, "नाही बाबा. मी तिथंच होती. तू गेला."

बाहेर आल्यावर वानखडे काकांनी पोरगी काय म्हणाली ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पोट्टीचं बरोबर आहे. तुह्या सिद्धांतातच काहीतरी गडबड हाय."

* * *

उजेडाचा वेग सगळ्यांना सारखाच दिसतो, हे काही केल्या तिच्या गळी उतरेना. सायकलवरून पुढे फेकलेला चेंडू जास्त जोरात जातो, मग धावत्या गाडीच्या दिव्याचा उजेड का नाही? तिचं म्हणणं रास्त होतं. मी तीन रविवार त्यात घातले आणि तिन्ही वाया गेले.

शेवटी सोमवारी ऑफिसच्या चहात वानखडे काकांनीच तोडगा काढला. "तिले सांग, उजेड म्हणजे आपले बडे बाबू. तुम्ही पळत या, रांगत या, नाही तं मंत्र्याची चिठ्ठी घेऊन या. त्यायची चाल तेच राहते."

पुढच्या रविवारी मी ते जसंच्या तसं सांगितलं. मुक्ता हसली. फोनवर तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. तिने काकांना नमस्कार सांगितला. काकांनी तो दिवसभर तीन जणांना सांगितला.

* * *

देवांगन तिथलाच, खास छत्तीसगढी माणूस. काउंटरवर बसून पेपर वाचायचा आणि काही ऐकत नाही असं दाखवायचा. एकदा एक गृहस्थ तावातावाने केबिनमधून बाहेर आले. ते दोनच मिनिटं बोलले होते म्हणे, आणि मीटर दाखवत होतं पाच.

देवांगनने पेपरमधून मान वर न काढता सांगितलं, "साहब, डब्बा के भीतर टाइम अलग चलथे. बोरकर साहब ला पूछ लेव."

सगळी लाइन माझ्याकडे बघायला लागली. आता खोटं कसं बोलणार? मी म्हणालो, तत्त्वतः शक्य आहे, पण त्यासाठी केबिन फार जोरात पळायला पाहिजे. त्या गृहस्थांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, मुकाट्याने पैसे चुकते केले आणि निघून गेले. पुन्हा कधी दिसले नाहीत.

* * *

चालत्या माणसाचं घड्याळ हळू चालतं, हे कळल्यावर मुक्ताने साहजिकच विचारलं, की तू इतका रात्रभर गाडीत बसून येतोस, तर तुझा किती वेळ वाचतो? मी आठवडाभर कागद घेऊन बसलो. इतक्या वर्षांत इतकं मन लावून काही केलं नव्हतं. रविवारी सांगितलं, पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याचे कोट्यवधी तुकडे कर. त्यातला एखादा.

"इतकाच?"

"इतकाच."

"मग येत जा ना बाबा. काही फरक नाही पडत."

त्या वर्षी ऑफिसात सगळंच नव्याने मांडणं चालू होतं. मला सुटी मिळाली ती पाच महिन्यांनी.

* * *

खोब्रागडे मॅडमचं सांगावं की नाही, कळत नाही. पण त्यांनीच हे आम्हाला सांगितलं होतं.

त्या रविवारी त्यांचा नंबर चौथा होता. पुढे मी होतो, आणि मी रेंगाळलो होतो. लांबचं 'आता' म्हणजे काय, असं काहीतरी मुक्ताला सांगत होतो. मॅडमचा नंबर आला तेव्हा नागपूरला शेजारणीने फोन उचलला. आई सकाळीच गेली होती.

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. मी माफी मागायला लागलो, की माझ्यामुळे उशीर झाला. त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, "उशीर कुठचा? ती आधीच गेली होती ना. पण मी लायनीत उभी होती तोवर माह्यासाठी ती होती. तुमचं लेक्चर आयकत होती मी, अन् मनात म्हणत होती, हे आईले सांगीन."

रिलेटिव्हिटी असं काही म्हणत नाही. मला ते माहीत होतं. तरी मी होकारार्थी मान हलवली.

त्यानंतरही काही रविवार त्या येऊन उभ्या राहायच्या. नंबर आला की बाजूला व्हायच्या.

* * *

तिसऱ्या वर्षी बऱ्याच महिन्यांनी दिवाळीला घरी जायचं म्हणून गोल बाजारात मुक्तासाठी फ्रॉक घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "बच्ची कितनी बड़ी है?" मी छातीपाशी हात धरून दाखवला.

भोपाळला दार मुक्तानेच उघडलं. डोकं माझ्या खांद्याच्या वर. फ्रॉक तिने उलगडला, छान आहे म्हणाली आणि घडी घालून ठेवला. अगदी नीट, कडेला कड लावून. नंतर तो शेजारच्या मुलीकडे गेला.

सुनंदा म्हणाली, "अहो, फोनवर माप तरी विचारायचं."

मी म्हणालो, फोनवर आमचं दुसरंच चालू असायचं.

* * *

पुढे मुक्ता हिंदीतच उत्तरं द्यायला लागली. तिच्या मैत्रिणी शेजारी असायच्या. मी अजून उजेडावरच होतो. वस्तुमानाचं आणि ऊर्जेचं राखून ठेवलं होतं, ते सगळ्यात सुंदर म्हणून शेवटी सांगायचं होतं. एका रविवारी मी सुरुवात केली तेवढ्यात ती म्हणाली, "पापा, क्लास है. नेक्स्ट टाइम?"

मी म्हणालो, हो, नेक्स्ट टाइम.

मग तिने माझ्यासाठी थोडं थांबून विचारलं, "मम्मी को दूँ?"

* * *

हळूहळू प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. लाइन आटली. कधी तीन माणसं, कधी दोन. मोबाइल माझ्याकडेही होता, पण रविवारी सकाळी पाय तिकडेच वळायचे. वानखडे काकांना रिटायर व्हायला महिना राहिला होता.

त्या रविवारी मी पोचलो तर देवांगन दारातच उभा. रस्ता खोदताना केबल तुटली होती, अख्ख्या पाऱ्याचे, म्हणजे मोहल्ल्याचे, फोन शनिवारपासून बंद. मी परत फिरणार, तेवढ्यात केबिनकडे लक्ष गेलं. आत काका होते. रिसीव्हर कानाला. वरचं मीटर काळं ठिक्कर.

मी देवांगनकडे पाहिलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

दार नेहमीसारखं अर्धवट उघडं होतं. काका सावकाश बोलत होते. "हे पाह्य बेटा. तू तिथं म्हणतं 'आता'. मी इथं म्हणतो 'आता'. एक जण चालून राहिला असन, तं दोघायचा 'आता' एक नाही राहत. पण खोटं कोणीच नाही बोलून राहिलं. समजलं?"

ते थांबले. मान हलवत ऐकत राहिले. मग हसले आणि म्हणाले, "नाही नाही, तसं नाही. थांब, पुन्हा सांगतो." आणि त्यांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली, न कंटाळता, एकेक शब्द जागेवर ठेवत. मला इतकं चांगलं कधी समजावता आलं नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यांनी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला. मला पाहिलं, हसले. मग काउंटरकडे वळले.

"किती झाले रे, देवांगन?"

देवांगनने वर, विझलेल्या मीटरकडे पाहिलं.

"सात मिनट, कका."

"हव," काका म्हणाले. "लय सवाल करते पोट्टी."