मशीन इथून हलणार न्हाई

माझा कॉम्प्युटर सकाळी चालू झाला की सगळ्यात आधी एकच बातमी द्यायचा : नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. मी एस्केप दाबायचे आणि कामाला लागायचे. तीन-चार महिने असंच चाललं. मग एका गुरुवारी त्याने वेगळं वाक्य वाचलं : या आवृत्तीला यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत. त्या दिवशी माझं बोट एस्केपवर गेलं नाही.

वाचलं म्हणजे खरोखरच मोठ्याने वाचलं. मला दिसत नाही. बारावीच्या वर्षी माझी नजर गेली आणि पुढची काही वर्षं घरातल्या माणसांनी माझे निर्णय घेण्यात गेली. मग मी हट्टाने छत्रपती संभाजीनगरला एका प्रशिक्षण केंद्रात गेले. तिथे शिकवणारे सर स्वतः अंध होते. त्यांनी आम्हाला लिनक्सवर शिकवलं. ही सिस्टीम जगभरातली माणसं मिळून बनवतात आणि कुणालाही फुकट देतात, असं सांगून ते म्हणाले होते, "कुणी एक मालक नाही. तेव्हा तुम्ही पाहुण्यासारखं वागायचं काही कारण नाही." मला ते फार पटलं. घरात मी तेव्हा पाहुण्यासारखीच होते.

आता कळमनुरीत तहसीलच्या रस्त्याला एका पत्र्याच्या खोलीत मी अर्ज टाइप करून देते. वारस नोंद, रहिवासी दाखला, रस्त्याची तक्रार, काहीही. माणूस समोर बसून सांगतो, मी टाइप करते, स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम दाबलेलं प्रत्येक अक्षर म्हणून दाखवतो. शेवटी मॉनिटर गिऱ्हाइकाकडे वळवून मी सांगते, "वाचून घ्या." नवीन माणूस थोडी चुळबुळ करतो. एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, तुमाला दिसत न्हाई, तर चुका कोण काढतं?"

मी म्हटलं, "चुका करतच न्हाई."

अर्धं खोटं होतं, पण म्हणायला मजा आली.

नवीन आवृत्ती आपल्या हाताने टाकायची, हे मी त्या गुरुवारीच ठरवलं. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मशीनचा पंखा बिघडला म्हणून भावाने ती हिंगोलीला एका दुकानात दिली होती. परत आली तेव्हा पंखा ठीक होता, पण आतली सिस्टीमच बदललेली. मी दुकानदाराला फोन केला.

"ताई, ते तुमचं कुणी वापरत नाही," तो म्हणाला. "सगळे वापरतात ते टाकून दिलं. तुमच्याकडून जास्तीचं काही घेतलं नाही."

"आणि आवाज?"

"कसला आवाज?"

मी वर्षानुवर्षं जमवलेले अर्जांचे नमुने त्यात गेले. मशीन पुन्हा बोलती करायला नऊ दिवस लागले. त्या दुकानदाराचं शेवटचं वाक्य मला आजही टोचतं. तो म्हणाला होता, "तुम्हाला काय, पाहायचं थोडंच आहे!"

भावाला माझा बेत कळला तेव्हा तो म्हणाला, "आक्का, काहून उगा तकलीफ करून घेतीस? चालून राहिली ना मशीन?"

"दुरुस्त्या बंद झाल्यात, उद्या कुणीबी नेटवरून आत घुसंल. लोकांचे आधार नंबर असतात माझ्याकडं."

"मग दुकानात देऊ. अंदाजानं करायची गोष्ट न्हाई ही."

"अंदाजानं कोण करून राहिलंय? वाचून करते."

आणि मी खरंच वाचत होते. तीन आठवडे मोबाइलवर रोज दुपारी, दुसऱ्यांनी हेच काम कसं केलं, कुठे अडकले, काय विसरले, हे ऐकत होते. माझ्या सगळ्या फायली दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घेतल्या आणि दोन्हींवरच्या उघडून ऐकल्या. कार्यालय बंद असतं म्हणून रविवार धरला. सकाळी नऊला मोबाइलचं नेट मशीनला जोडलं, आज्ञा टाइप केली आणि एंटर दाबलं.

पुढचे चार तास मी खुर्चीवरून उठले नाही. फायली उतरत होत्या, आवाज एकेक नाव वाचत होता. अकराच्या सुमाराला लाईट गेली. खाली ठेवलेली बॅटरी पींपीं करायला लागली. ती पंधरा मिनिटं टिकते. आठव्या मिनिटाला लाईट आली. मध्येच मशीनने विचारलं, या फाइलमध्ये तुम्ही स्वतः बदल केलेला आहे, तुमची ठेवायची की नवी घ्यायची? प्रिंटरसाठी मीच केव्हातरी बदलली होती ती. 'माझीच ठेव' हे उत्तर देताना मला जे समाधान मिळालं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

एकच्या सुमाराला मशीन म्हणाली, काम पूर्ण झालं, बंद करून पुन्हा चालू करायची का? मी होय म्हटलं.

मशीन बंद झाली, पुन्हा सुरू झाली, पंखा फिरायला लागला. मी वाट पाहिली. एरवी अर्ध्या मिनिटात आवाज येतो. पाच मिनिटं गेली. काही नाही. स्क्रीन रीडर सुरू करायची बटणं दाबली. काही नाही. काहीच ऐकू येत नसताना पासवर्ड टाइप केला, आवाज वाढवायचं बटण दाबून धरलं. काही नाही. स्पीकरची वायर काढून मोबाइलला लावली, तर जाहिरात खणखणीत वाजली. म्हणजे स्पीकर चांगला होता.

नजर गेली होती त्या वर्षी सकाळी उठून मी खिडकीकडे बघत बसायचे, कदाचित आज दिसेल म्हणून. तशीच आता मी कान लावून बसले. आणि नेमका त्याच वेळी भाऊ डबा घेऊन आला.

खोलीतल्या शांततेवरूनच त्याला कळलं. "गेली ना बंद पडून?" असं म्हणत तो टेबलाशी वाकला. वायरी सुटल्याचा आवाज आला. "दे, गाडीवर बांधतो. दुकानदाराला फोन लावतो, रविवार असला तरी उघडंल तो."

"वायरीला हात लावू नको."

"आक्का, पण तुला…"

"मशीन इथून हलणार न्हाई. काढली ती वायर परत लाव. बराबर जिथं होती तिथं."

त्याने लावली. तो पदवीधर आहे, इंग्रजी भराभर वाचतो. तरी मी त्याला वाचायला सांगितलं नाही. त्याने एक ओळ वाचली असती आणि दुसऱ्या ओळीला माउस त्याच्या हातात असता. मी त्याला जन्मापासून ओळखते. "तू बाहेर बस," मी म्हटलं, "आणि आपांना बोलव."

आपा म्हणजे शेजारच्या खोलीत ब्लाउज शिवणारी बाई. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. ती आली, तिच्या अंगाला शिलाई मशीनच्या तेलाचा वास होता.

"आपा, ए बी सी डी येते ना?"

"आती है, बडीवाली. छोटी में गडबड होती."

"चालंल. जे दिसतं ते फक्त सांगा. हात मी चालवते."

पडद्यावर काय आहे विचारलं, तर निळा फोटो आणि वर घड्याळ. म्हणजे मशीन जिवंत होती आणि माझा पासवर्डही बरोबर गेला होता. मी बटण दाबून इंग्रजीत 'साउंड' टाइप केलं, एंटर दाबलं. आपा म्हणाली, "सफेद डब्बा खुला, बाई." मग ती एकेक अक्षर बोट लावून सांगायला लागली. ओ, यू, टी, पी… तिथे तिला बराच वेळ लागला, कारण तिला तो उलटा क्यू वाटत होता. आउटपुट, म्हणजे आवाज कुठून बाहेर पडतो ते. मग त्याच्यापुढचा शब्द.

"ये बडेवाले हैं. एच. डी. एम. आय."

मी मोठ्याने हसले. आपाला वाटलं, माझं डोकं फिरलं.

एचडीएमआय म्हणजे मॉनिटरची वायर. तिच्यातून चित्राबरोबर आवाजही जातो. नव्या आवृत्तीने आपल्याच मनाने ठरवलं होतं की माझा आवाज मॉनिटरला पाठवायचा, आणि माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाही. म्हणजे मशीन गप्प नव्हती. एक वाजल्यापासून ती सारखी बोलत होती, मला बिचारी सगळं सांगत होती, फक्त भलत्याच वायरीत.

"आपा, आता चौकोन कुठं सरकतो तेवढं सांगा." मी टॅब दाबत गेले. "वर है… हिला… अब उस नाम पे आया." एंटर. यादी उघडली. खालचा बाण एकदा, पुन्हा एंटर.

आवाज एखाद्या शब्दाच्या मध्यावरच फुटला, आणि तोही केवढ्याने! मघाशी मीच बटण दाबून तो पूर्ण वाढवून ठेवला होता. "या अल्लाह!" म्हणून आपा मागे स्टुलावर आदळली. बाहेरून भाऊ धावत आला. मी आवाज कमी करत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला मी हात रिकामा केला नाही.

भाऊ थोड्या वेळाने म्हणाला, "शेवटी आपांची मदत लागलीच ना?"

"लागली. त्यांनी वाचलं. तुमचा दुकानदार काय करतो? घेऊन जातो."

त्याने डबा उघडून माझ्यासमोर ठेवला, आणि आम्ही तिघांनी तिथेच खाल्लं.

सोमवारी पहिला अर्ज आला तो विहिरीच्या नोंदीचा. प्रिंट नीट निघाली. माझी फाइल मी ठेवली होती ना! गावात भाऊ आता सांगत फिरतो की आमच्या आक्कानं स्वतः सिस्टीम बदलली. दुकानाचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही.

एक खोट मात्र राहिली आहे. नव्या आवृत्तीचा मराठी आवाज 'ळ' नीट म्हणत नाही. तो कळमनुरीला कलमनुरी म्हणतो आणि हळदीला हलद. मी ते बनवणाऱ्यांना माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून कळवलं. कुठल्यातरी दूरच्या देशातून एका माणसाचं उत्तर आलं, की दहा शब्द म्हणून रेकॉर्ड करून पाठवाल का? मी पाठवले. पहिल्या खेपेला मागे आपाची मशीन खडखडत होती, म्हणून तिला थांबवून पुन्हा म्हटले.

भाऊ म्हणाला, "फुकट मिळून राहिलं, त्यात आणि काहून कटकट करतीस?"

"फुकट हाय म्हणून काय गावाचं नाव चुकीचं ऐकू व्हय?"

दुरुस्ती अजून आलेली नाही. मी दर आठवड्याला विचारते.