भिंत कशी कळती?

मळवलीच्या एका बंगल्याची राखण मी आणि माझ्या सासूबाई करायचो. एका दुपारी टीव्हीवर परदेशातली बायकांची पोहण्याची शर्यत लागली होती. सगळ्या उताण्या पोहत होत्या.

"आभाळाकडं बघत पवत्यात, मग भिंत कशी कळती? लबाडी हाय सगळी," सासूबाई म्हणाल्या.

"आत्या, वर पताका टांगल्यात की. त्या दिसल्या की भिंत जवळ आली म्हणायची."

"मला न्हाई पटत." माझं त्यांना कधी काय पटलंय!

दुसऱ्या दिवशी बंगल्याच्या स्विमिंग पूलवर जत्रेतल्या पताकांची दोरी ताणलेली दिसली. गावातल्या पोरांचंच काम म्हणून मी तणतणत सासूबाईंकडे गेले. त्या उन्हात केस वाळवत बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "व्हय गं. कळती भिंत."