मागचा आवाज

आमच्या ऑनलाइन कविता-गटात दर रविवारी प्रत्येकाने आपली कविता स्वतःच्या आवाजात टाकायची, अशी पद्धत आहे. बाकीचे न ऐकताच 'वा, वा, सुरेख' लिहून मोकळे होतात. आमच्या बिबवेवाडीतलेच एक निवृत्त गृहस्थ मात्र कवितेबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ते मागचं ऐकतात. 'कुकर आधी बंद करायचा होता.' 'पंख्याला तेल घाला.' एकदा माझ्या कवितेखाली लिहिलं, 'यजमानांना खोकल्याचं औषध द्या.' ह्यांना खोकला होताच. आम्ही दोघं हसलो होतो.

गेल्या रविवारी त्यांनी पुन्हा लिहिलं, 'यजमानांचा खोकला वाढलाय. दुर्लक्ष करू नका.'

दुसऱ्या दिवशी ते भाजीवाल्याकडे भेटले. भेंडीची टोकं मोडून बघत होते. मी म्हटलं, "अहो, हे जाऊन वर्ष होईल. गटात कळवलं नव्हतं मी."

त्यांनी हातातली जून भेंडी बाजूला ठेवली. "असेल. पण खोकला त्यांचाच आहे."

ते रेकॉर्डिंग मी कितीदा तरी ऐकलं. मला काहीच ऐकू येत नाही. फक्त आता कविता म्हणताना दोन कडव्यांच्या मध्ये मी जरा जास्त थांबते.